शिंगांवरची लव

शिकारकथांचा नाद मला दादरच्या रद्दीवाल्यांनी लावला. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात भानू शिरधनकरांची कथा निघाली की तो अंक घरी यायचाच. माचाण, हाकारा, बॅटरीचा झोत, मग बार. या सगळ्या थरारात परवान्याचा उल्लेख क्वचितच असे. कोणतं जनावर मारायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवत कोण होतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला, आणि त्याच्या मागे जाता जाता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ मजकुरापर्यंत पोचलो.

हा कायदा आपण बंदीचा म्हणून ओळखतो. जन्मला तेव्हा तो परवान्यांचा होता. विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि सापळे असे चार परवाने त्यात होते. सांबर, चितळ, नीलगाय, रानडुक्कर ही सगळी ‘मोठ्या शिकारी’च्या यादीत. ही दारं बंद झाली ती १९९१ च्या दुरुस्तीने. १९७२ च्या कायद्याआधी, १९५१ मध्ये, मुंबई राज्याने स्वतःचा वन्यप्राणी कायदा केला होता. तो घडवण्यात मोठा वाटा होता बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) हुमायून अब्दुलालींचा, म्हणजे स्वतः बंदूक चालवणाऱ्या माणसाचा. यात मला विसंगती दिसत नाही. भायखळ्याच्या संग्रहालयात १८८३ मध्ये आठ जणांनी ही संस्था काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, पण पुढची कित्येक वर्षं तिचा मोठा आधार शिकारी सभासदच राहिले.

१९७२ च्या कायद्यात एक अगदी छोटं कलम आहे. परवान्यात खास मुभा नसेल, तर पिल्लू मारायचं नाही, मादी मारायची नाही आणि शिंगांवर लव असलेलं हरीण मारायचं नाही. रात्री, गाडीतून, बॅटरीच्या उजेडात मारायचं नाही, हे नियम वेगळे. (माझ्या आवडत्या कथांमधला निम्मा थरार तिथेच बेकायदा ठरतो.)

लवेचा नियम वाचून मी आधी हरखलो. मध्य भारतात सांबराचा माज हिवाळ्याच्या सुरुवातीला येतो. तेव्हा त्याची शिंगं टणक असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गळतात. चितळाचं गणित उलटं. त्याचा माज भर उन्हाळ्यात, आणि डिसेंबरात बहुतेक नरांची शिंगं अजून लवेत. म्हणजे एकाच थंडीत, एकाच रानात सांबर मारता येईल, चितळ नाही. केवळ तारखा घालून हे जमलं नसतं. मग लक्षात आलं की लवेतलं शिंग मऊ असतं, रक्ताने भरलेलं. ते भिंतीवर शोभत नाही. नियमाने जनावराइतकीच दिवाणखान्याचीही काळजी घेतली होती.

त्या दिवाणखान्यांचा धंदा चालवणारा माणूस नागपुरात सापडतो. आणीबाणीतले माहितीमंत्री म्हणून विद्याचरण शुक्ल सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण १९५१ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काढली ती शिकार सहलींची कंपनी, ॲलविन कूपर. वडील रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री, राजधानी नागपूर, आणि आजूबाजूला मध्य भारताचं रान. परदेशी पाहुणा यायचा तो वाघासाठी. सांबर, चितळ, गवा हे जोडीला. जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडलेले, ब्लॉक ठरावीक मुदतीसाठी एका पार्टीला, जनावरांची संख्या बांधलेली. १९५७ मध्ये शुक्ल लोकसभेत गेले. अशा कंपन्यांच्या बाजूने एक सबळ मुद्दा होता, परकीय चलनाचा, आणि तेव्हा तो दिल्लीत ऐकला जाई. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली. कंपन्यांनी न्यायालयात दाद मागितली, पण बंदी टिकली. टिकली ते योग्यच झालं. १९७२ च्या गणनेत वाघ भरले १,८२७.

‘आम्ही म्हातारे नरच मारतो’ हा शिकाऱ्यांचा नेहमीचा बचाव मला पटत नाही. हरणाची सर्वांत मोठी शिंगं भर वयात असतात, म्हातारपणी ती उतरतात. शिंगं मोजायची फीत घेऊन निघालेला माणूस कळपाचा सर्वांत तगडा नरच उचलणार.

अमेरिकेत एल्क या मोठ्या हरणाच्या बाबतीत भिंतीवरच्या शिंगांचा, म्हणजे ट्रॉफीचा, आणि कळपाच्या संख्येचा हिशेब वेगळा ठेवतात. मोठ्या शिंगांच्या नरांचे परवाने मोजके, अनेक ठिकाणी सोडतीने. कळप फार वाढला तर माद्यांचे परवाने वाढवायचे, कारण कळपाची वाढ मादीच्या पोटातून होते. शिवाय १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. आपल्या कायद्याने मादीला सरसकट अभय दिलं. खास मुभा मिळाली तरच अपवाद. हे माणुसकीचं होतं, पण त्यातून कळपाची संख्या राखण्याचा मार्ग निघत नव्हता. तो होता ट्रॉफीचा कायदा. उलट कान्ह्याचा बारशिंगा १९७० मध्ये ६६ पर्यंत घसरला होता. तो सावरला गावं हलवून, कुरणं राखून. तिथे परवान्यांचा काही संबंध नव्हता.

आता प्रश्न उलटा झाला आहे. पिकं उद्ध्वस्त करणारी रानडुकरं आणि नीलगायी मारण्याची परवानगी २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांच्या तक्रारीवर देऊ केली. पुढच्या वर्षी त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे भांडले. चंद्रपूरला ५३ रानडुकरं मारली, असा मनेका गांधींचा आरोप होता. त्या ५३ मध्ये माद्या किती, हे मला त्या भांडणातून कळलं नाही. मारण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही त्याचं अगत्य दिसलं नाही. रानडुकराची मादी एका वेळी पाच-सहा पिल्लं घालते. नुसते सुळेवाले नर टिपून पुढच्या हंगामात शेतकऱ्याचा भुईमूग वाचणार नाही. परवानगीच्या कागदावर नर, मादी आणि वय असे तीन रकाने आले, आणि ते भरून घेणारा वनरक्षक दर हंगामाला त्याच शिवारात फिरला, तर निदान मोजणीला सुरुवात होईल.