मोपा जवळ आले, पण बस कुठून धरायची?

आखातातला माणूस सुट्टी संपवून परत निघाला की कोकणातल्या घरात आधी गाडीची चर्चा सुरू होते. प्रवासी एक, पोहोचवायला सात-आठ. सिंधुदुर्गातून मुंबईचा विमानतळ पाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रभराचे जागरण, जाण्यायेण्याचे भाडे, वाटेतले खाणे. सुट्टीत शिल्लक राहिलेले पैसे अनेकदा याच एका रात्रीत संपतात. नवरा परदेशात आणि सून मुलांना घेऊन त्याच्याकडे निघाली असेल तर आणखी एक अडचण असते. सोबत यायला दीर किंवा भाऊ मोकळा होईपर्यंत तिचे तिकीटसुद्धा निघत नाही.

गोव्यातील मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. तो पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना तर तो पणजीपेक्षाही जवळ. अबुधाबी, दोहा अशा शहरांना येथून थेट विमाने सुरू झाली आणि मुंबई गाठण्याची सक्ती अनेक घरांपुरती संपली. पण विमानतळ जवळ आला म्हणजे प्रवास सोपा झाला असे नाही. घर ते विमानतळ ही वाट आधी नीट ठरवली तरच त्या जवळपणाचा फायदा मिळतो.

आधी तिकिटावरचे नाव वाचा

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ, मोपा उत्तरेला. दोघांमधले अंतर रस्त्याने सुमारे साठ किलोमीटर. तिकिटावर दोन्हींसाठी ‘गोवा’ हाच शब्द दिसू शकतो. म्हणून संक्षिप्त खूण पाहावी. मोपाची खूण जीओएक्स, दाबोळीची जीओआय. एजंटकडून तिकीट घेताना हे तोंडी विचारून न थांबता कागदावर पाहून घ्यावे. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ, असेही होऊ शकते.

कदंबची थेट बस

गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाच्या वातानुकूलित इलेक्ट्रिक बस मोपासाठी धावतात. पणजी, म्हापसा, मडगाव आणि कळंगुट भाग या बसने विमानतळाला जोडलेले आहेत. थेट बसचा खरा लाभ फक्त भाड्यात नाही. सामान एकदाच चढवायचे, एकदाच उतरवायचे, मध्ये गाडी बदलायची नाही. दोन लहान मुले आणि तीन बॅगा घेऊन निघालेल्या बाईला या गोष्टीची किंमत बरोबर कळते. भाडे ठरलेले, बस सरकारी, त्यामुळे रस्त्यात घासाघीस नाही. वेळापत्रक मात्र बदलत असते. निघण्याच्या दोन दिवस आधी कदंबच्या बसस्थानकावर चौकशी करून ताज्या वेळा लिहून घ्याव्यात.

आपले गाव कोणत्या बाजूला?

येथे थोडा विचार हवा. बेळगावकडून चोर्ला घाटाने येणाऱ्यांनी पणजी गाठावी आणि तिथून कदंबची बस धरावी. मडगाव, वास्को, फोंड्याकडच्या कुटुंबांनाही पणजी किंवा मडगावची बस सरळ पडते.

राजापूर, कणकवली, कुडाळकडून येणाऱ्यांचे गणित वेगळे. मुंबई-गोवा महामार्गावर बांदा, पत्रादेवी, मग धारगळ लागते. विमानतळाचा जोडरस्ता धारगळलाच फुटतो. म्हापसा त्याच्या पुढे आहे. म्हणजे पणजीच्या एसटीने म्हापशाला उतरून कदंबच्या बसने मोपा गाठायचे तर काही अंतर उलटे यावे लागते. दिवसाचे विमान आहे, माणूस एकटा आहे, सामान बेताचे आहे, तर हा फेरा परवडतो. कुटुंब मोठे असेल किंवा म्हातारे माणूस सोबत असेल तर बांद्यापर्यंत एसटी आणि पुढच्या छोट्या टप्प्यापुरती आदल्या दिवशी ठरवलेली गाडी, हे बरे. तरीही मुंबईपर्यंत जीप करण्यापेक्षा खर्च कितीतरी कमी येतो.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते, पुढचे भाडे पूर्ण लागते. वयाचा पुरावा हाताशी ठेवावा.

वेळ उलटी मोजा

आम्ही घरात एक साधा नियम पाळतो. शेवटची बस आपली नाही, तिच्या आधीची आपली. समजा विमान रात्री दहाला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी, म्हणजे सातला पोहोचायचे. मग सातला पोहोचवणारी नव्हे, तिच्याही आधीची बस धरायची. ती चुकली तरी मागून एक येते. बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर आधी काउंटर बंद करतात आणि तिथे कोणाची विनवणी चालत नाही. विमान पहाटेचे असेल तर रात्री बस मिळेल यावर विसंबू नये. संध्याकाळीच म्हापशाला किंवा पेडण्याच्या बाजूला नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

पावसाळ्यात आणखी सवड ठेवावी. कोकण रेल्वेचे वेळापत्रक त्या दिवसांत बदलते, आंबोली घाटात दरडीची भीती असते. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि गाड्या बंद पडल्या. असे दिवस ध्यानात ठेवून एक वेळ जास्त थांबलेले बरे.

सामान आणि निरोप

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि औषधे अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवावीत, बसच्या डिकीत जाणाऱ्या बॅगेत नकोत. पॉवर बँकही हातातच लागते. उमऱ्याला निघालेल्यांनी वाटेत विमान कुठे बदलते ते आधी पाहावे आणि एहराम मोठ्या बॅगेत कधीच टाकू नये. मीकात आकाशातच येते, तेव्हा बॅग विमानाच्या पोटात असते.

टर्मिनलच्या दारातून तिकीट असलेल्यालाच आत सोडतात. सात-आठ माणसे गेली तरी बाहेरूनच परतायचे. मग सलाम-दुआ घरातच का करू नये? आई उंबऱ्यावर दुआ देते, भाऊ बसस्थानकापर्यंत येतो, यात माया कुठे कमी पडत नाही. वाचलेल्या भाड्यात मुलांच्या शाळेची फी भागते.

गावाने काय करावे

बसच्या ताज्या वेळा मोहल्ल्यातल्या एखाद्या तरुणाने दर महिन्याला जमा करून मशिदीच्या फलकावर लावल्या तर प्रत्येक घराची धावपळ वाचेल. एकाच दिवशी निघणारी दोन कुटुंबे एकमेकांना कळली तर बाईला सोबतही मिळेल. आपल्या तालुक्यातून मोपाला सोयीची एसटी नसेल तर आगारप्रमुखांना अर्ज द्यावा. नुसती मागणी नको. गेल्या तीन महिन्यांत गावातून कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या वेळेच्या विमानाने गेले, अशी यादी जोडावी. प्रवासी कागदावर दिसले की अर्ज बाजूला सारणे अवघड जाते. यादीत शेजारच्या हिंदू आणि ख्रिश्चन घरांचीही नावे घ्यावीत. वाट सगळ्यांची एकच आहे.

अल्लाह सर्वांचा प्रवास आसान करो.