कथेची दुरुस्ती : कुणाची आणि कुणासाठी?

संध्याकाळी मालिका लागणाऱ्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हिला असे कशाला करायला लावले?’ या वाक्याची रचना लक्ष देण्याजोगी आहे. प्रेक्षक ‘हिने असे का केले?’ असे विचारत नाही. पात्राने केलेली चूक आणि पात्राकडून करवून घेतलेली चूक यांतला फरक त्याला कळलेला असतो. पात्र त्याच्या बाजूचे, आणि लेखक पलीकडचा. एकदा ही फारकत झाली की पुढची पायरी दूर नसते. ‘त्यापेक्षा असे दाखवायला हवे होते’ असे म्हणत प्रेक्षक स्वतःच गोष्ट सांगू लागतो. काही जण ती लिहूनही काढतात.

अशा लेखनाला जगभर ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली ‘स्पॉकनालिया’ नावाचे नियतकालिक स्वतः छापून काढले. या प्रकाराच्या इतिहासात ते आरंभीचे मानले जाते. चाहत्यांच्या या लेखनाचा एक पोटप्रकार माझ्या कुतूहलाचा विषय आहे. मूळ कथेतले फसलेले वळण नीट करण्यासाठीच जी लिहिली जाते, ती कथा. मी तिला ‘दुरुस्तीकथा’ म्हणते. ती उथळ, हट्टी, बालिश असते असा समज आहे. मला ती वाङ्मयीन टीकेचा एक प्रकार वाटते. मात्र ती टीका कुणाच्या बाजूने केलेली आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

बिघाड होतो कसा?

दैनंदिन मालिका ही शेवट ठरवून लिहिलेली गोष्ट नसते. आठवड्याचे पाच-सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम पुढे धावणारे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचा ‘ट्रॅक’ ठरतो. मालिका चालली तर लांबते, पडली तर गुंडाळली जाते. कलाकार सोडून गेला तर पात्राला अपघात होतो, तो परदेशी जातो, नाहीतर त्याचा चेहरा बदलतो. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढ्या लांबीत माणसाचा स्वभाव टिकवून धरणे हे कोणत्याही लेखकाच्या कसोटीचे काम आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की तो महाराष्ट्रभर विनोदाचा विषय झाला. विनोद हीसुद्धा प्रेक्षकाची दुरुस्तीच होती; कॅलेंडर त्याच्याही भिंतीवर टांगलेले असते.

म्हणजे बिघाड बहुतेक वेळा कथेच्या बाहेर होतो आणि त्याचे बिल पात्राच्या नावावर फाडले जाते. दुरुस्ती करणारा प्रेक्षक टीआरपीला बांधलेला नसतो, कलाकारांच्या तारखांना नसतो. त्यामुळे पात्राच्या स्वभावाशी इमान राखणे त्याला लेखकापेक्षा सोपे जाते. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या मिहिरच्या मृत्यूनंतर प्रेक्षकांनी एवढा गहजब केला की वाहिनीला त्याला परत आणावे लागले. त्याच्या शंभरेक वर्षे आधी आर्थर कॉनन डॉइलवर हीच पाळी आली होती. डिसेंबर १८९३मध्ये त्याने शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून ढकलले आणि १९०३मध्ये पुन्हा जिवंत केले. त्याला ते जमले, कारण मूळ कथेत वॉटसनने होम्सला मरताना पाहिलेलेच नाही. पावलांचे ठसे आणि एक चिठ्ठी, एवढ्यावरून त्याने तर्क केलेला आहे. चांगली दुरुस्ती अशीच मूळ कथेतल्या एखाद्या फटीतून आत शिरते. भिंत पाडून शिरली तर ती दुसरीच गोष्ट होते.

कालिदास आणि भवभूती

आपल्याकडे हा व्यवहार दूरचित्रवाणीपेक्षा फार जुना आहे. महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. दुष्यंताला सगळे आठवत असते, तरी तो तिला ओळख देत नाही. ती त्याला भर सभेत सुनावते, सत्याचे मोल सांगते. आकाशवाणी झाल्यावर राजा तिचा स्वीकार करतो आणि लोकांची खात्री पटावी म्हणून आपण असे वागलो, असे स्पष्टीकरण देतो.

हा नायक कालिदासाला चालणारा नव्हता. त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, ती गिळणारा मासा आणला. राजा आता खोटारडा राहिला नाही. तो बिचारा विसरला. दुरुस्ती म्हणून ही कारागिरी बिनतोड आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला, तो याच दुरुस्त केलेल्या कथेवर. पण हिशोब मांडून पाहा. शाप का मिळाला? अतिथीकडे शकुंतलेचे लक्ष नव्हते म्हणून. राजाच्या खात्यातला दोष तिच्या खात्यात वळता झाला. कालिदासाची शकुंतलाही संतापते. पण समोरचा खरोखरच विसरलेला असल्यामुळे तिच्या संतापाला जबाबदार असे कुणी उरतच नाही.

भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त उलट्या बाजूने काम केले. रामायणाच्या उत्तरकांडात सीता अखेर धरणीच्या पोटात जाते. भवभूती राम-सीतेची भेट घडवतो. पण ती फुकटात घडवत नाही. त्याआधी तो रामाला दंडकारण्यात नेऊन विलाप करायला लावतो. सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक साक्षात रामापुढे आणि प्रजेपुढे होते. ज्या लोकांनी सीतेविषयी संशय घेतला, तेच तिथे प्रेक्षक आहेत. शेवटी अरुंधती त्यांना जाब विचारते आणि प्रजा सीतेला वंदन करते. म्हणजे भवभूतीने नुसता शेवट बदलला नाही, त्याने प्रेक्षकांनाही दुरुस्त केले. एका दुरुस्तीने राजाची अब्रू वाचली, दुसरीने राणीचा मान परत आला. दोन्ही शेवट गोड आहेत, तरी दोन्ही दुरुस्त्या सारख्या नाहीत.

हाच पेच दूरदर्शनवर पुन्हा उभा राहिला. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ जानेवारी १९८७मध्ये सुरू झाले आणि जुलै १९८८मध्ये राज्याभिषेकाशी थांबले. लव-कुशांची कथा त्यात नव्हती. उत्तर भारतातल्या काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी त्यासाठी संप केला. आपल्या वाल्मीकींच्या आश्रमात घडलेली कथाच वगळली जात होती; त्यांच्या दृष्टीने बिघाड तिथे होता. कथेच्या शेवटासाठी कामगारांनी केलेला संप, ही जगाच्या वाङ्मयेतिहासात दुर्मीळ घटना म्हणावी लागेल. पुढचा भाग आला. त्यात मात्र वनात जाण्याचा आग्रह सीताच धरते. प्रेक्षकांनी एक दुरुस्ती मिळवली आणि निर्मात्यांनी त्यात आपली दुसरी मिसळली. ती पुन्हा राजाच्या बाजूची.

काळाचौकीतली वही

मी काळाचौकीत वाढले. आमच्या चाळीत मालिका ही एका घराची नसे. जाहिराती लागल्या की दारादारांतून गॅलरीत चर्चा, आणि ज्यांचा भाग चुकला त्यांना दुसऱ्या दिवशी नळावर तो सांगितला जाई. सांगणारी बाई तो जसाच्या तसा सांगत नसे. न पटलेला तुकडा गाळायचा, संवादाला धार लावायची, हे सरसकट चाले. ज्यांनी टीव्हीवर पाहिले आणि ज्यांनी नळावर ऐकले, त्यांच्या डोक्यात दोन निराळ्या मालिका असत.

या मंडळींतल्या एका काकूंनी ‘तुला पाहते रे’ संपल्यावर, म्हणजे २०१९च्या पावसाळ्यानंतर, दोनशे पानी वहीत तिची आपली आवृत्ती लिहिली. मालिकेचा गाभा वाचकांना आठवत असेल : उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि त्याच्याहून निम्म्या वयाची, साध्या घरातली ईशा. पुढे तो नायक खलनायक निघतो आणि ईशा ही त्याच्या मृत पत्नीचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म असल्याचे कळते. काकूंना नायक खलनायक निघाल्याचे दुःख नव्हते. ‘तसे पुरुष असतात,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना अडला तो पुनर्जन्म.

‘अगं, पोरगी शिकलेली, त्याच्याच कंपनीत काम केलेली. ती फायली काढून बघेल की. त्याला मागचा जन्म कशाला पाहिजे?’

वहीत नेमके तेच होते. ईशा जुने करार वाचते, सह्या ताडून पाहते, जुन्या माणसांना भेटते. राजनंदिनी तिच्या अंगात येत नाही. एका बाईवर झालेला अन्याय दुसरी बाई कागदांवरून शोधून काढते. विक्रांत तसाच आहे, लग्न तसेच आहे, फसवणूकही तशीच आहे. बदललेली गोष्ट एकच : सत्य ईशाला कुणी दिलेले नाही, तिने ते मिळवले आहे. शेवट गोड नाही. ईशा माहेरी परतते आणि दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायला निघते.

या वहीने माझा एक प्रश्न सोडवला. लोकांना सुखान्त हवा असतो म्हणून ते दुरुस्त्या करतात, असे आपण धरून चालतो. पण काकूंनी दुःखाला हात लावला नव्हता. त्यांनी दुःखाचे कारण खरे केले होते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण मरतो म्हणून कुणी वाचक लेखकाशी भांडत नाही, डोळे पुसतो आणि पुस्तक शेजारच्याला देतो. तक्रार असते ती मनात न पटलेल्या शेवटाची, मग तो रडवणारा असो की हसवणारा.

जिथे दुरुस्ती चालत नाही

काकूंचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. आमच्या वस्तीने पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट अशी शेवटावाचून राहिली. संपानंतर काकूंनी पोळ्या लाटून घर चालवले. मी त्यांना विचारले, ‘त्यावर का नाही लिहिलेत?’ त्या म्हणाल्या, ‘ते मी कशी दुरुस्त करणार? ज्यांनी करायचं त्यांनी नाही केलं.’

या उत्तरात दुरुस्तीकथेची हद्द आखलेली आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतर कोसळणाऱ्या कामगाराच्या घराला कुठेही गोड वळण दिलेले नाही. तिथे सुखान्त जोडला असता तर ज्यांनी ते घर कोसळू दिले, त्यांच्यासाठी दुर्वासाचा शाप शोधून दिल्यासारखे झाले असते : कुणाचाच दोष नाही, काळच तसा होता. काळाचौकीतल्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. तिथेही ही गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली जाते, हे पाहावे लागेल.

म्हणून चाहत्याची दुरुस्ती हातात आली की शेवट गोड की कडू, हे मी आधी पाहत नाही. दोन प्रश्न विचारते. मूळ कथेत जिचे तोंड बंद केले होते, तिला इथे बोलता येते का? आणि दोष ज्याचा होता, तो त्याच्याकडेच राहिला का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर ते लेखन दोनशे पानी वहीतले असो की सात अंकी नाटकातले, त्याची जात एकच आहे.