लम्पी आणि गोवंशाची आनुवंशिक प्रतिकारशक्ती

एकाच दावणीला बांधलेल्या जनावरांना एकच विषाणू गाठतो, तरी सगळी सारखी आजारी पडत नाहीत. लम्पी चर्मरोगात हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एका गाईच्या मानेपासून कासेपर्यंत दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी उठतात, पाय सुजतात, पोळीत पाणी उतरते. गाठ सुकून गळाली की कातडीत खोल खड्डा राहतो. शेजारची गाय मात्र दोन दिवस तापाने मलूल होते आणि पुन्हा वैरणीला तोंड लावते. प्रयोगशाळेत मुद्दाम संसर्ग दिलेल्या गुरांतही साधारण निम्म्यांच्याच अंगावर गाठी येतात. यात वयाचा, खाण्यापिण्याचा, आधीच्या लसीचा वाटा असतो. उरलेला वाटा जनुकांचा.

हा रोग १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आणि २०२० मध्ये गडचिरोलीत आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरू झालेली साथ पाहता पाहता महाराष्ट्रभर पसरली. डास, चावऱ्या माशा आणि गोचीड विषाणू वाहून नेतात. त्यामुळे बीड जिल्ह्यातील नेकनूरसारखे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. बीड जिल्ह्याला याची झळ दुहेरी. येथील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याचा एक बैल बसला की हंगाम बुडाला, उचल मात्र अंगावर राहिली. मृत बैलामागे सरकारने २५ हजार, गाईमागे ३० हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरवली. त्या पैशांत नवा बैल येत नाही, हे बाजार पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

देशी जनावराला रोग लागत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. पातळ कातडीच्या, भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन-जर्सी वळणाच्या गाईंमध्ये लम्पी अधिक तीव्र होतो आणि वशिंडाच्या गाईंमध्ये तुलनेने सौम्य, हे बऱ्याच देशांत दिसले आहे. पण २०२२ मध्ये राजस्थान-गुजरातेत देशी गाईही मोठ्या संख्येने मेल्या. जातीची सरासरी एक गोष्ट सांगते, दावणीतले एकेक जनावर दुसरी.

देशीपणा म्हणजे सरसकट सारखी प्रतिकारशक्ती नव्हे, हे बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या विषाणूजन्य रोगाचा इतिहासही दाखवतो. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला हललेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या रोगावर काम करत होती. मैदानी मुलखातली गुरे बुळकांडीला बरीच दाद देत नसत. कुमाऊँच्या पहाडी गुरांना मात्र ती झटकन मारी. मुक्तेश्वरला बकरीत वाढवून सौम्य केलेली लस मैदानी बैलाला सोसे, तीच पहाडी गुरांना जड जाई. देशी दोन्हीही, पण प्रतिकारशक्ती वेगळी. ही बुळकांडी जगातून संपली ती लसीकरणामुळे; तसे २०११ मध्ये जाहीर झाले.

विषाणूला रोखणारी जनुके ठाऊक नाहीत असे नाही. गुरांच्या तेविसाव्या गुणसूत्रावर ‘बोला’ नावाचा जनुकसमूह आहे. शरीरात शिरलेल्या परक्या प्रथिनाचे तुकडे पांढऱ्या पेशींपुढे मांडणे हे त्याचे काम. त्यातल्या डीआरबी-३ जनुकाचे काही प्रकार असलेल्या गाईंच्या रक्तात बोव्हाइन ल्युकेमियाचा विषाणू फारसा वाढत नाही. त्याहून थेट उदाहरण अमेरिकेतले. बोव्हाइन व्हायरल डायरियाचा विषाणू पेशीवरील सीडी-४६ या प्रथिनाची कडी धरून आत शिरतो. तेथील शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनातली सहा अमिनो आम्ले बदललेली एक कालवड २०२१ मध्ये जन्माला घातली. आजारी वासरासोबत आठवडाभर ठेवूनही तिला फारशी बाधा झाली नाही. ती कालवड होती गीर जातीची.

लम्पीत हा मार्ग चालेल अशी आशा कमी. हा देवीच्या कुळातला विषाणू; त्याच्याकडे सुमारे दीडशे जनुके, आणि पेशीत शिरायला तो एकाच कडीवर अवलंबून नसतो. म्हणून प्रतिकारही अनेक जनुकांत थोडा थोडा विखुरलेला असणार. असा गुण निवडीने वाढवायचा तर हजारो जनावरांची नोंद लागते: कुणाला लस दिली होती, कुणाला गाठी आल्या, कोण वाचले, त्यांचा बाप कोण.

बीडला हे काम करण्याजोगे साहित्य आहे. लाल कंधारीचा टापू नांदेड-परभणीपासून या जिल्ह्यापर्यंत येतो, देवणी शेजारच्या लातूरची. दोन्ही जातींच्या संवर्धनासाठी अंबाजोगाई तालुक्यातील साकूड येथे प्रकल्प उभारायला राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिली. अशा ठिकाणी वळू निवडताना रंग, शिंगे, बांधा आणि आईचे दूध पाहतात. साथीत त्या वंशावळीचे काय झाले, हा रकानाही त्याच वहीत हवा. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यामुळे ती नोंद आज शक्य आहे. अशा नोंदींवरून वळू निवडले जाईपर्यंत पशुपालकाने देशीपणावर विसंबू नये: दर वर्षी लस टोचून घ्यावी, गोठ्यातले गोचीड-माशा हटवाव्यात, गाठी दिसताच जनावर वेगळे बांधावे, आणि बिल्ल्याचा क्रमांक व आजाराची तारीख लिहून ठेवावी.