येवलेकरांनो, जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका!

आपल्याकडे जॅकार्डचे माग आहेत. त्यांच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरूनच पुढे संगणकाच्या पंचकार्डांची कल्पना निघाली. म्हणजे येवल्याचं आणि कॉम्प्युटरचं नातं जुनंच म्हणायचं!

आता मुद्दा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. 2018 च्या आधीची बहुतेक मशीन विंडोज 11 साठी अपात्र ठरतात, म्हणून दुकानदार 'नवा घ्या' म्हणतो. पण लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. तो जितकी जास्त वर्षं चालेल तितकं बरं. विजेची बचत त्यानंतरची गोष्ट.

उपाय स्वस्त आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. मशीन चपळ होतं. ब्राउझर, मराठी टायपिंग, हिशेबाच्या शीट सगळं चालतं. फोटोशॉप मात्र सरळ चालत नाही, हे आधीच सांगतो. डिझाइनसाठी विंडोजच लागत असेल तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून वापरा.

खरंच मेलेलं मशीन? 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा झाला जेमतेम 22 टक्के. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर आपल्याच गल्लीत. म्हणून डेटा पुसून नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

नवा घेण्याआधी मिंट एकदा पेनड्राइव्हवरून चालवून बघा. अडलं तर खाली विचारा.