बदलते हवामान आणि शेतकऱ्याची पत

शेतकऱ्याची पत ही त्याच्या जमिनीवर अवलंबून असते असे आपण समजतो. परंतु कर्जाची फेड जमिनीतून होत नसून पिकातून होते, आणि पीक हवामानाच्या स्वाधीन असते. म्हणून हवामानाची रीत बदलली, तर कर्ज देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे जुने हिशेब बदलणे क्रमप्राप्त आहे. जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील बागायतदारांनी ह्या प्रश्नाचा विशेष विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत भात व हिरडा, आणि पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश, अशी स्थिती आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ह्या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी पूर्वभागाची अवर्षणाची भीती पुष्कळ कमी केली. पाणी आले तसे द्राक्ष, टोमॅटो, कांदा व ऊस आले. बाजरीस जेथे थोडे भांडवल पुरत असे, तेथे द्राक्षबागेस एकरी लाखांनी खर्च येऊ लागला, आणि त्याच प्रमाणात कर्जही वाढले. आता धोका पाण्याच्या अभावाचा कमी आणि अवेळी आलेल्या पाण्याचा अधिक, असे झाले आहे. धरण अवर्षणापासून राखते; परंतु फुलोऱ्यातील द्राक्षावर पडणाऱ्या पावसापासून, त्यामागून येणाऱ्या केवड्यापासून किंवा गारपिटीपासून ते राखू शकत नाही. पेढ्यांच्या दृष्टीने जो बागायतदार सर्वांत भरवशाचा ऋणको, तोच ह्या नव्या धोक्याच्या तोंडी आहे.

अलीकडची उदाहरणे सर्वांच्या स्मरणात आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने पश्चिम भागातील हिरड्याची झाडे मोडली. डिसेंबर २०२१ च्या प्रारंभी अवकाळी पाऊस व थंडी ह्यांनी शेकडो मेंढ्या दगावल्या. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस पुन्हा अवकाळी पाऊस व गारा आल्या. कोणतीही एक घटना केवळ हवामानबदलामुळेच घडली असे म्हणता येत नाही. तथापि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखविले की, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ ह्या काळात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. तेव्हा मागील पिढीच्या अनुभवावर बसविलेला ‘पाच वर्षांत एक वाईट’ असा अंदाज आता विसंबण्याजोगा राहिलेला नाही.

ह्याचा पतपुरवठ्यावर परिणाम कसा होतो, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, एका विविध कार्यकारी सोसायटीचे १०० सभासद असून प्रत्येकाचे कर्ज १ लाख रुपये आहे. सामान्य वर्षी आजारपण, घरगुती अडचण इत्यादी कारणांनी ५ सभासद थकतात. ही कारणे ज्याची त्याची निराळी असल्यामुळे उरलेल्या ९५ जणांच्या भरण्यावर व राखीव निधीवर सोसायटी तग धरते. परंतु एका रात्रीच्या गारपिटीने ६० सभासद एकदम थकले, तर कोणी कोणास सावरावे? एकाच शिवारातील, एकाच पिकाचे सभासद म्हणजे एकाच ढगाखाली उभी असलेली माणसे होत. सहकाराचे बळ धोका वाटून घेण्यात आहे. सर्वांचा धोका एकच असेल, तर वाटण्यास काही उरत नाही.

हे ओझे मग वर चढत जाते. अल्प मुदतीच्या पिकावरील कर्ज दोन हंगाम थकले, की ते अनुत्पादक गणले जाते व त्यापोटी बँकेस आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते. सोसायटीची वसुली खालावली, की तिला जिल्हा बँकेकडून मिळणारी उचल आखडते. आणि ज्याने कर्ज वेळेवर फेडले, त्यासही पुढील हंगामात अडचण सोसावी लागते. १९१७ साली स्थापन झालेल्या पुणे जिल्हा मध्यवर्ती बँकेसारख्या संस्थांचा मुख्य आधार गावोगावची वसुली हाच आहे. रिझर्व्ह बँकेनेही जुलै २०२२ मध्ये हवामानाच्या धोक्यावर विचारपत्र प्रसिद्ध केले, व ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्या धोक्याची माहिती एकत्र करण्याची योजना जाहीर केली. ह्याचा अर्थ असा की, पुढेमागे गावांची पत त्यांच्या हवामानावरून जोखली जाईल. त्यातून सावध पतपुरवठा निर्माण झाला तर उत्तम. परंतु धोक्याच्या गावास कर्जच नाकारले गेले, तर तेथील शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी जाईल. १८७५ साली आपल्याच जिल्ह्यात सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा कापसाचे भाव उतरले होते, सारा वाढला होता, आणि सावकारांनी हात आखडला होता. पत एकाएकी आटली म्हणजे काय होते, हे त्यावरून उमजावे.

विम्याचा आधार आहे, पण तो अपुरा आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून मिळणारा एक रुपयाचा पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आणि शेतकऱ्यास खरिपासाठी २, रब्बीसाठी दीड व नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता द्यावा लागू लागला. शिवाय भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर किंवा मंडळातील यंत्राच्या नोंदीवर ठरते. पाऊस एका शिवारात आणि पर्जन्यमापक दुसऱ्या गावी, असे झाल्यास नुकसान होऊनही हाती काही पडत नाही. २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्यांनी तो तो बोजा उतरला. परंतु धोका नाहीसा झाला नाही, तो सरकारी तिजोरीवर गेला इतकेच.

ह्यास्तव पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. पीककर्जाचा एकरी दर लागवडीच्या खर्चावरून ठरतो, नुकसानीच्या संभवावरून नव्हे. म्हणून मिळते तितके सर्व कर्ज न उचलता, वाईट वर्षीही फेडता येईल इतकेच घ्यावे.

२. सर्व क्षेत्र एका पिकाखाली व सर्व बाग एकाच छाटणीच्या तारखेत ठेवू नये.

३. नुकसान होताच पंचनामा करून घ्यावा, आणि कर्जाची मुदत टळण्यापूर्वीच पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्यावा. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ साली दिलेल्या निर्देशांत ३३ टक्के वा अधिक हानी झाल्यास अशी सवलत ठेवली होती. थकल्यानंतर केलेल्या अर्जास तेवढे वजन राहत नाही.

४. द्राक्षावरील प्लॅस्टिकचे आच्छादन, कांद्याची चांगली बराख अशा संरक्षक कामांसाठी घेतलेले मध्यम मुदतीचे कर्ज पुढील थकबाकी टाळते.

५. सोसायटीने चांगल्या वर्षी सर्व नफा लाभांशात न वाटता राखीव निधी वाढवावा, आणि कोणत्या शिवारात कोणत्या पिकावर किती कर्ज आहे ह्याची वही ठेवावी.

आभाळ कोणाच्या हाती नाही. परंतु आभाळाखाली किती कर्ज उभे करावे, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या हंगामाची कर्जमागणी भरण्यापूर्वी प्रत्येक सोसायटीच्या पंचमंडळाने हा हिशेब सभासदांपुढे मांडावा.