आजीला कोण बघणार?

लेखमाला : घरातली शुश्रूषा (भाग ५)

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेस्तोवर परतणं नाही. 'पोरं आजीजवळ ठेवलीत,' असं गाव म्हणतं. पण आजीला शुगर आणि बीपी असेल, गुडघे धरले असतील, तर कोणी कोणाला सांभाळायचं?

गेल्या आठवड्यात आपण अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी बोललो. आज त्या अंथरुणाशेजारी बसलेल्या सातवी-आठवीतल्या पोरीविषयी. मुलगेही हे करतात, पण बहुतेक घरांत काम मुलीकडेच येतं. आजीच्या गोळ्यांची नावं तिला वाचता येत नाहीत, पाकिटाचे रंग मात्र पाठ असतात : हिरवं उपाशीपोटी, लाल जेवल्यावर. पाणी भरणं, भाकरी, धाकट्या भावाची अंघोळ, आजीला धरून बाहेर नेणं, हे सगळं शाळेच्या घंटेआधी. गोळ्या संपल्या की आजीला जीपमध्ये बसवून तालुक्याला न्यायचं, केसपेपर काढायचा, रांग धरायची. त्या दिवशी शाळेत गैरहजेरी लागते. का, ते कोणी विचारत नाही. गावात तिचं कौतुक होतं, 'गुणाची पोर' म्हणून. ती गुणाची आहेच. पण कौतुकानं तिचं ओझं कमी होत नाही, उलट ते तिचंच आहे असं ठरून जातं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, तिच्यात परभणी जिल्हाही आहे. या योजना हव्यातच. पण त्या धरून चालतात की मुलाला सांभाळणारं कोणी हवं. जी स्वतःच सांभाळते आहे, तिचा विचार त्यांत नाही. प्रवेशाचा अर्ज पुढे केला की ती विचारते, 'मी गेल्यावर आजीला कोण बघणार?' याचं उत्तर द्यायचं सोडून आपण 'शिक्षणाची आवड नाही' असा शेरा मारतो. हा अन्याय आहे.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं अशा मुलांची गरज तपासणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केलं; २०२३ पासून तिथल्या शाळांच्या वार्षिक गणनेत त्यांची नोंद होते. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांपुढच्या प्रत्येकाचा दिवस कसा जातो ते विचारलं होतं, घरच्यांच्या देखभालीसकट. म्हणजे मोजता येतं.

गावात सुरुवात आशाताईंपासून करता येईल. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म भरायला त्या घरोघर जातातच. गोळ्या कोण देतं, हे तिथे त्यांना दिसतं. तेवढं त्यांनी गुरुजींच्या कानावर घालावं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या गावातच दिल्या, तर पोरीची तालुक्याची फेरी वाचते. आई किंवा वडील दगावलेले वा गंभीर आजारी असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते.

त्या अर्जाला कुठले कागद लागतात आणि तो कुठे अडतो, ते पुढच्या आठवड्यात.