नव्या सॉफ्टवेअरचा पहिला बुधवार

सकाळी ७
दवाखाना नऊला उघडतो, आज कुलूप सातलाच काढलं. बदल सोमवारी करायचा नाही हे आधीच ठरलं होतं; रविवारभर अंगावर काढलेली दुखणी सोमवारी रांगेत असतात. साताऱ्यातला आमचा दोन डॉक्टरांचा दवाखाना. जुनं सॉफ्टवेअर बिघडलं की दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून हा घाट. नव्या कंपनीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, डेटा शंभर टक्के आलाय." पेशंटचा आकडा जुळत होता, एवढं खरं.

८
दोन स्क्रीन शेजारी ठेवून हाताला येतील ते पेशंट ताडून पाहिले. जुन्यात ॲलर्जीचा रकानाच नव्हता. म्हणून रिसेप्शनवरच्या ताई वर्षानुवर्षं ती पत्त्यात लिहीत आल्या: 'मारुती मंदिरामागे, पेनिसिलिन नको'. पत्ता केसपेपरच्या डोक्यावर छापला जायचा, नजर चुकत नसे. नव्यात ॲलर्जीला वेगळी जागा आहे, चालत नाही ते औषध लिहिलं की लाल पट्टी येते. पण ती जागा रिकामी आणि पेनिसिलिन पत्त्यातच. या पेशंटला अमॉक्सिसिलिन लिहून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

पत्त्यांमध्ये 'पेनि' शोधलं, एकही सापडेना. मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टातला. दिसायला देवनागरी, आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कन्व्हर्टरमधून काढल्यावर सापडू लागले. 'सल्फा', 'रिॲक्शन', 'पुरळ' हे शब्द ताईंनी सुचवले. त्यांनीच लिहिलेले, त्यांनाच ठाऊक.

९:३०
पहिल्या आजी. "डॉक्टर, माझ्याकडं बघणार का त्या डब्याकडं?" दोन दिवसांची कणकण. निदानाचा कोड निवडल्याशिवाय केस सेव्ह होत नाही. शेवटी आर५०.९, म्हणजे कारण न ठरलेला ताप. पहिल्या भेटीत आमच्याकडे बहुतेकदा संशयच असतो, सॉफ्टवेअरला नाव हवं असतं. हे मला पटत नाही, पण कंपनीची सक्ती आहे.

११
आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं; त्याचा चौदा आकडी आभा क्रमांक नव्या सॉफ्टवेअरला जोडता येतो. एका काकांचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर गेला, मुलगा मीटिंगमध्ये. रांग थांबली. आभा ऐच्छिक आहे. ताईंनी सरळ सांगितलं, "काका, नंबराचं नंतर बघू, तुम्ही आत जा."

दुपारी १:३०
डबा उघडला आणि लसीकरणाची यादी समोर आली. एका बाळाला गोवर-रुबेलाची लस १६ ऑक्टोबर २०२४ ला, आणि जन्म १ डिसेंबर २०२४ चा! खरा जन्म १२ जानेवारीचा. जुन्यातलं १२/०१ नव्याने अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचलं. तेरा तारखेपासून पुढच्या तारखा अशा वाचताच येत नाहीत, त्या कंपनीच्या मुलाने आधीच हुडकून नीट केल्या होत्या. बारापर्यंतच्या मुकाट उलट्या बसल्या. कंपनीच्या चाचणीत हे कसं दिसणार? तारीख तर वैधच होती. जन्मतारखा आणि लसी पुन्हा भरायला सांगितल्या.

५ ते ८
गर्दी. मध्ये इंटरनेट गेलं, कागदावर लिहिलं.

८:३०
जुना संगणक कोपऱ्यात राहील, फक्त वाचायला. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, असं आहे. पण दहा वर्षांपूर्वीचा ईसीजी आजच्याशेजारी ठेवायची वेळ येते, तेव्हा तीन वर्षं पुरत नाहीत. आणि नवी कंपनी सोडायची झाली, तर नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळणार, ते करारात लिहून घेतलंय. या वेळी ती सगळ्यात जास्त घासाघीस झालेली ओळ.

ताईंचं एक काम उरलं होतं. काही नावांपुढे एक तारा, काहींपुढे दोन. ते तारे सॉफ्टवेअरने नावाचाच भाग धरलेत. मुलगा म्हणाला, "ताई, अर्थ सांगा, वेगळे रकाने करून देतो."

"एक तारा म्हणजे ऐकू कमी येतं, मोठ्याने हाक मारायची. त्याचा रकाना करा."

"आणि दोन?"

"उधारी. ती मी वहीत ठेवते."